बारा दारांचे सामी

आवडी नावाच्या तमिळ गावातल्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या कम्युनिटी हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एरवी गणपतीच्या आरतीला चार टाळकी गोळा करायला मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना जिने चढावे लागत. आज मात्र माणसं खिडक्यांच्या गजांना धरून उभी होती. बायकांनी केसांत मोगरा माळला होता, पुरुष कारखान्याच्या शिफ्टला येतात तसे वेळेआधी आले होते, आणि बाहेर चपलांचा ढीग एवढा वाढला होता की येणाऱ्याला त्यावरूनच चालत यावं लागत होतं.

कारण तुकोजी सामी आले होते.

सामी, म्हणजे तिकडच्या बोलीत स्वामी, तंजावरकडचे मराठी. तमिळ मंडळींना ते आपले वाटत कारण तमिळ अस्खलित बोलत, आणि मराठी मंडळींना आपले वाटत कारण अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलत. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला कुंकवाची आडवी रेघ, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि हातात मोरपीस. त्यांच्यामागे हिरव्या रंगाच्या आठ पत्र्याच्या ट्रंका ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक ट्रंकेत ताडपत्रांच्या जुड्या होत्या, दोऱ्यात ओवलेल्या. प्रत्येक पत्रावर एकेक नाव आणि नावाखाली त्या घराण्याचं भविष्य.

"चार हजार शहाण्णव पत्रं," सामी म्हणाले. "एक कमी नाही, एक जास्ती नाही. ऋषींनी मोजून ठेविली. जगांत जन्मास येणाऱ्या अस्की, सगळ्या आयांची नावं ह्यांत आहेत."

पहिल्या रांगेत शरदचंद्र खांबेटे मांडी घालून बसले होते. कारखान्यात ते तपासनीस होते. गियरचा दात केसाच्या विसाव्या हिश्शानं चुकला तरी ते तो परत पाठवत, आणि फोरमननं कितीही आर्जवं केली तरी शिक्का मारत नसत. त्यांच्या एका बाजूला पत्नी कुमुदिनी आणि दुसऱ्या बाजूला मुलगी कीर्ती. कीर्ती तेवीस वर्षांची. वेलचेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून तिला सात महिने झाले होते. तिकडे ती मैत्रिणींबरोबर राही आणि रविवारी दोन गाड्या बदलून आवडीला येई. आज तिला आईनं मुद्दाम बोलावलं होतं, कारण आज बाबांचं पत्र निघायचं होतं.

शरदचंद्रांना काचबिंदू होता. दोन वर्षांपूर्वी निदान झालं होतं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचे, आणि जन्मभर घालायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जन्मभर हा शब्द शरदचंद्रांना टोचे.

सामींनी त्यांना समोर बसवलं. "बाप्पा, आईचं नाम मनांत धरा. ओठांत आणूं नका. बारा दारं उघडावी लागतील. मी पुसेन तेवढंच सांगा, आधी की नंतर."

आधी की नंतर म्हणजे काय, ते एका सेवेकऱ्यानं आधीच सर्वांना समजावलं होतं. पत्रांवरची नावं ओळीनं आहेत, एबीसीडीच्या क्रमानं, शाळेच्या हजेरीपटासारखी. तुमच्या आईचं नाव सामींनी घेतलेल्या नावाच्या आधी येतं की नंतर, तेवढं सांगायचं. हजारो वर्षांपूर्वीच्या ऋषींनी इंग्रजी मुळाक्षरांचा क्रम कसा काय धरला, हे त्या हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. मागच्या रविवारी एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं म्हणे. सामींनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं आणि ऋषी त्रिकालज्ञ होते, असं सांगितलं. म्हातारा ओशाळला.

सामींनी मोरपीस फिरवून आठ ट्रंकांच्या मधोमध ठेवलं. पाचव्या ट्रंकेतलं पहिलं पत्र काढलं. "मेषद्वार. मरगदम. हिच्या आधी की नंतर?"

"नंतर," शरदचंद्र म्हणाले.

सेवेकऱ्यांनी डावीकडच्या चार ट्रंकांवर काळं कापड टाकलं. "चार ट्रंकांचं कर्म जळलं," सामी म्हणाले. हॉलभर एक निःश्वास गेला.

"वृषभद्वार. राधा?"

"नंतर."

आणखी दोन ट्रंकांवर कापड पडलं. मग एकीवर. उरलेल्या ट्रंकेतल्या जुड्या बाहेर आल्या, अर्ध्या झाल्या, पुन्हा अर्ध्या झाल्या. दर दाराला सामी राशीचं नाव घेत, मोरपिसानं जुडी दुभंगत आणि नको असलेला भाग कापडाखाली टाकत. सरोजा? आधी. रुक्मिणी? नंतर. दहाव्या दाराशी त्यांच्या हातात चारच पत्रं उरली होती.

"कुंभद्वार. सकीना?"

"आधी."

"मीनद्वार. सहाना?"

"नंतर," शरदचंद्र म्हणाले.

सामींनी उरलेलं एक पत्र चष्मा लावून वाचलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "सईबाई."

शरदचंद्रांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांची आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि आवडीत तिचं नाव ठाऊक असणारी माणसं म्हणजे ह्या घरातली तीन. कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आणि खरं सांगायचं तर कीर्तीच्याही अंगावर काटा आला.

मग सामींनी पत्राचा खालचा मजकूर वाचला. ह्या घरच्या कर्त्याच्या दृष्टीस ग्रहण लागलं आहे. परक्या पाण्यानं ते सुटणार नाही. एक मंडलभर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, देवीचं तीर्थ डोळ्यांस लावावं. त्या काळात दुसरं कुठलंही पाणी डोळ्यांत जाऊं नये.

काचबिंदूचं सामींना कसं कळलं, ह्याचंही मंडळींना नवल वाटलं. नाव नोंदवताना भरायच्या फॉर्मवर "आपली अडचण" असा एक रकाना होता आणि कुमुदिनीबाईंनी तो सुवाच्य अक्षरांत भरला होता, हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

घरी येताच कीर्तीनं थेंबांची बाटली टेबलावर ठेवली. "बाबा, तीर्थ लावायचं तर लावा. पण हे बंद करू नका."

"दुसरं पाणी चालणार नाही, असं पत्रातच आहे."

"पत्र काय डॉक्टर आहे?"

"तुझ्या आजीचं नाव त्या डॉक्टरला ठाऊक होतं का?" शरदचंद्र शांतपणे म्हणाले. "तू समोर बसली होतीस. मी बोललो का ते नाव?"

नव्हते बोलले. निघताना तिनं आईला बाजूला घेऊन थेंब चालू ठेवायला सांगितलं, आईनं मान हलवली, आणि कीर्ती गाडीत बसली. वाटेत तो चार हजार शहाण्णव हा आकडा तिच्या डोक्यात घोळत राहिला. कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. मग पेरांबूर आलं, गर्दी चढली आणि तो विचार मागे पडला.

पुढचे तीन रविवार तिला कामामुळे जाता आलं नाही. चौथ्या रविवारी गेली तेव्हा कुमुदिनीबाईंनी कॉफी आणली आणि शरदचंद्रांच्या डाव्या हाताशी ठेवली. शरदचंद्र कीर्तीशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी डावा हात पेपरकडे नेला आणि कॉफीचा वाटी-पेला, तिकडचा डबरा-टंबलर, खाली आदळला. कॉफी सगळ्या वर्तमानपत्रावर पसरली.

"तिथं कशाला ठेवतेस?" ते बायकोवर वैतागले.

"रोज तिथंच ठेवते," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि फडकं आणायला वळल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "हा आठवड्यातला तिसरा."

कीर्तीनं विचारलं, "थेंब?"

आईनं औषधांच्या डब्याकडे बोट केलं. बाटली आत सीलबंद पडली होती. कीर्तीनं आईकडे पाहिलं आणि मग तिला स्वतःचाच राग आला. तीन आठवडे ती फोनवर "बाबा बरे आहेत ना" एवढंच विचारत आली होती.

"मला सगळं स्वच्छ दिसतं," शरदचंद्र म्हणाले. "समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवू?" आणि त्यांनी वाचून दाखवलं, तारखेखालच्या बारीक तमिळ अक्षरांसकट.

सोमवारी कीर्तीनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "समोरचं दिसेलच. हा रोग कडेकडेनं खातो. माणसाला पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि गेलेलं परत येत नाही. त्यांना उद्या घेऊन या."

शरदचंद्र यायला तयार नव्हते. मंडल पुरं व्हायला वीस दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये कीर्तीकडे एक छोटं काम आलं. सुट्या भागांची एक भलीमोठी यादी होती, भागाच्या नावानुसार क्रमानं लावलेली. तिच्या प्रोग्रॅमनं हवा तो भाग शोधायचा होता. कीर्तीनं पहिल्या नावापासून एकेक नाव तपासत जाणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो गोगलगायीसारखा चालत होता.

शेजारच्या खुर्चीवर रम्या बसे. तीही तंजावरची मराठी. तमिळ आणि इंग्रजी फाडफाड बोले, पण कीर्तीशी हट्टानं आजीची मराठी. तिनं कीर्तीच्या पडद्यावर नजर टाकली.

"कां गे, हजेरी घेतेस कां एकेकाची? नावं ओळीनं आहेत नव्हे? मधलं उघड. आपलं त्याच्या पुढं की मागं, तेवढं पाहा. अर्धी यादी तिथंच गेली. उरल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं उघड. कॉलेजांत शिकविलं नाही कां?"

शिकवलं होतं. परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. कीर्तीनं वीस ओळींत ते लिहिलं. नीट चालतंय का पाहायला तिनं प्रत्येक पायरीला किती नावं उरली तो आकडा पडद्यावर छापायला सांगितलं. यादी चाचणीपुरती लहान केली होती, आणि सवयीनं तिनं आकारही संगणकवाल्यांना आवडतो तसला घेतला होता. एन्टर दाबल्यावर आकडे सरसर उतरले. चार हजार शहाण्णव. दोन हजार अठ्ठेचाळीस. एक हजार चोवीस. पाचशे बारा. दोनशे छप्पन्न. एकशे अठ्ठावीस. चौसष्ट. बत्तीस. सोळा. आठ. चार. दोन. एक.

कीर्ती त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग बोटानं मोजलं. चार हजार शहाण्णवापासून एकापर्यंत बारा वेळा अर्धं केलं होतं.

"रम्या," ती म्हणाली, "आमच्याकडे एक सामी येतात. त्यांच्याकडे हे आहे. ट्रंकांमध्ये."

जेवणाच्या सुट्टीत दोघींनी मिळून नवा प्रोग्रॅम केला. मुलींची नावं सुचवणाऱ्या एका संकेतस्थळावरून नावं उतरवली, क्रमानं लावली आणि मोजून चार हजार शहाण्णव ठेवली. संगणकानं एक नाव दाखवून आधी की नंतर एवढंच विचारायचं आणि बारा प्रश्नांनंतर मनातलं नाव सांगायचं. कीर्तीनं दहा नावं धरून पाहिली, दहाही बरोबर आली.

"पैलं नाव आणि शेवटलं नाव धरून पाह्यलीस कां?" रम्यानं विचारलं.

"दहा बरोबर आली ना. पुरे," कीर्ती म्हणाली. तिला घाई झाली होती.

रविवारी ती ऑफिसचा लॅपटॉप पाठीवर टाकून आवडीला गेली आणि घरी न जाता थेट हॉलवर पोचली. सामी स्थानापन्न झाले होते. शरदचंद्र-कुमुदिनी पहिल्या रांगेत होतेच. कीर्ती पुढं गेली आणि वाकून म्हणाली, "सामी, माझ्या यंत्रालाही आईचं नाव ओळखता येतं. तुमच्यासमोर दाखवू का?"

शरदचंद्रांनी तिला दंडाला धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. सामींनी मात्र लॅपटॉपकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. कुतूहल होतं ते. "सरी, बरं," ते म्हणाले. "यंत्र झालं तरी देवीचंच लेकरूं. दाखव, बाळे."

कीर्तीनं एका तमिळ आजींना बोलावलं. संगणक विचारी ते कीर्ती मोठ्यानं वाची, आजी आधी-नंतर सांगत. बारा प्रश्न झाले आणि कीर्तीनं वाचलं, "पंकजम."

आजींनी गालांवर हात मारून घेतले.

मग पोस्टातले एक गृहस्थ आले. बारा प्रश्न. "इंद्राणी." तेही बरोबर. तिसऱ्या एका बाईंचंही बरोबर आलं. हॉलमध्ये खळबळ उडाली. कीर्तीला वाटलं, झालं काम, आता लोकांना कळेल. लोकांना भलतंच कळलं. एक बाई लगबगीनं पुढं आल्या आणि त्यांनी लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लावलं. दुसऱ्या कुणी तरी मोगऱ्याचा गजरा वाहिला. "देवी ह्यात पण आली," असं तमिळमध्ये कुणीतरी म्हणालं आणि मागची माणसं हात जोडायला लागली.

"अहो, देवी नाही हो. हा वीस ओळींचा—" कीर्ती सांगायला लागली, पण तिचा आवाज कुठंच पोचेना.

सामी हे सगळं हसत पाहत होते. त्यांना गर्दीची काळजी नव्हती, गर्दी त्यांचीच होती. पण आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला हार पडलेला त्यांना खपेना. त्यांनी मोरपीस उचललं. हॉल शांत झाला.

"यंत्राची परीक्षा मी घेतों," ते म्हणाले. "ज्यांच्या आईचं नाम झेड अक्षरानं सुरू होतं, असं कोण आहे येथें?"

मागून नसीमबाई उठल्या. खांबेट्यांच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहत. त्या समोर येऊन बसल्या. कीर्तीनं प्रश्न वाचले. सगळ्या प्रश्नांना नसीमबाईंचं एकच उत्तर होतं, नंतर. बारावा प्रश्न संपला. कीर्तीनं वाचलं, "झुबैदा."

"नाही," नसीमबाई म्हणाल्या. "झुलेखा."

हॉलभर हशा पिकला. मघाशी कुंकू लावणाऱ्या बाईंनी पदरानं ते पुसून घेतलं. कीर्तीचे कान तापले. तिनं प्रोग्रॅम उघडला आणि ओळी वरखाली करायला लागली. यादीत झुलेखा होती, अगदी शेवटची. मग सापडली का नाही? तिला अक्षरं दिसेनाशी झाली.

सामी आसनावरून उतरले, सावकाश तिच्यामागे येऊन उभे राहिले आणि चष्मा लावून पडद्याकडे पाहू लागले. गर्दी त्यांच्या विजयाकडे पाहत होती. जिंकलेल्या माणसानं तिथंच थांबावं, पण सामींच्या आत एक दुसराच माणूस बसला होता आणि त्याला चूक दिसली की राहवत नसे. त्यांनी मोरपिसाच्या देठानं पडद्यावरची तिसरी ओळ दाखवली.

"ही पाहा. हाय, म्हणजे यादीचं टोक, एन ठेव, एकूण नावांइतकं. एन वजा एक ठेवलंस म्हणून शेवटल्या नावापर्यंत पोंचतच नाही." आणि मग, सवयीनं, कंटाळलेल्या सुरात, "दरवर्षी पोरं हीच चूक करतात."

कीर्तीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"कुठली पोरं, सामी?"

शरदचंद्र उभे राहिले होते. कारखान्यात गेज हातात घेऊन एखाद्या भागाकडे पाहतात तसे ते सामींकडे पाहत होते.

"बाप्पा, बसा," सामी म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, दरवर्षी पोरं हीच चूक करतात. कुठली पोरं? कसलं वर्ष?"

सामींनी मोरपीस दोनदा ह्या हातातून त्या हातात केलं. "ऋषींच्या आश्रमांत शिष्य असत," ते म्हणाले.

"ते कॉम्प्युटर शिकत?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. शरदचंद्रांना हसू आलं नाही. ते कीर्तीकडे वळले. "तू त्यांनी सांगितलं तसं कर."

कीर्तीनं ओळ दुरुस्त केली. नसीमबाई पुन्हा बसल्या. बारा प्रश्नांनंतर कीर्तीनं वाचलं, "झुलेखा." ह्या वेळी कुणी गजरा वाहिला नाही.

"आता समजावून सांग," बाबा म्हणाले. "मला सांग. मोठ्यानं."

मग कीर्तीनं सांगितलं. नावं क्रमानं लावलेली आहेत, हीच सारी किमया. मधलं नाव विचारायचं. तुम्ही आधी म्हणालात की नंतरची अर्धी यादी बाद. नंतर म्हणालात की आधीची बाद. "चार हजार शहाण्णवाचं अर्धं किती, बाबा?"

"दोन हजार अठ्ठेचाळीस." शरदचंद्रांनी एक बोट मिटलं. "एक हजार चोवीस. पाचशे बारा." ते बोटं मिटत गेले. हॉलमधली तमिळ मंडळीही आपल्या भाषेत आकडे म्हणू लागली, शाळेतल्यासारखी एका सुरात. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा चार उरले होते. शरदचंद्रांनी पहिल्यापासून पुन्हा बोटं धरली. "दोन. एक." मग ते थांबले. "बारा."

"राशींची नावं घेतली नाहीत तरी बाराच," कीर्ती म्हणाली. "आठ ट्रंकांऐवजी आठशे असत्या तरी बाराऐवजी एकोणीस दारं लागली असती, जास्त नाही. आणि नाव यादीत नसेल तर कितीही दारं उघडली तरी मिळणार नाही. ज्यांचं मिळत नाही त्यांना सामी काय सांगतात?"

"पितर कोपले म्हणतात," एक बाई मागून म्हणाल्या. "पुन्हा यायला सांगतात. दुसऱ्या वेळी मिळालं माझं."

"पहिल्या वेळी नाव विचारून घेतलं होतं ना, पितर शांत करायला? मग ते पत्रावर कोरायला किती वेळ?" कीर्तीनं विचारलं.

बाईंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं.

सामींनी हात उंचावला. "विद्या असते, बाळे. पण नाम जाणणारी ती देवी."

"मग प्रश्न विचारू नका," शरदचंद्र म्हणाले. ते आता सामींच्या अगदी समोर होते. "माझ्या सासूबाईंचं नाव सांगा. मी आधी म्हणणार नाही, नंतर म्हणणार नाही. देवी जाणते, तर तिला आमच्या उत्तरांची गरज काय?"

सामींनी डोळे मिटले. हॉल वाट पाहू लागला. बऱ्याच वेळानं डोळे उघडून ते म्हणाले की आज वातावरण दूषित झालं आहे. सेवेकऱ्यांनी ट्रंका आवरायला घेतल्या. एकीला कुलूप घालताना घाईत एक जुडी खाली पडून सुटली आणि पत्रं जमिनीवर पसरली. कीर्तीनं एक उचलून पाहिलं. वर नाव होतं. खाली भविष्याच्या जागी नुसत्या नागमोडी रेघा होत्या, चांगल्या कोरलेल्या. वाचता येईल असं एक अक्षर नव्हतं. दुसरं उचललं, तिसरं उचललं, तसंच.

तिनं ती तीन पत्रं बाबांच्या हातात दिली. शरदचंद्रांनी ती चेहऱ्यासमोर धरून बराच वेळ पाहिली.

सामींचं पुढं रम्याकडून कळलं. तांबरमला एका दुकानावरच्या माडीत संगणकाचे वर्ग चालत, तिथं तुकोजीराव सहा वर्षं शिकवत होते. रम्याची मामेबहीण त्यांची विद्यार्थिनी. फार चांगलं शिकवत, असं ती म्हणाली. सॉफ्टवेअरची मंदी आली तेव्हा वर्ग बंद पडला. जे शास्त्र ते फळ्यावर पोरांना शिकवत तेव्हा निम्मी पोरं झोपत, तेच त्यांनी ताडपत्रावर कोरलं आणि लोक खिडक्यांना लटकून ऐकू लागले. त्यांचा राग येतो तितकीच ह्या गोष्टीची लाजही वाटावी.

मंगळवारी शरदचंद्र बायको-मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. एका पांढऱ्या गोलासमोर हनुवटी टेकवून बसवलं, कुठं कुठं बारीक दिवा लागे, दिसला की बटण दाबायचं. पंधरा मिनिटांनी कागद बाहेर आला. डाव्या डोळ्याच्या नकाशात बाहेरच्या बाजूला काळा डाग होता. दोन वर्षांपूर्वीच्या नकाशात तिथं पांढरं होतं.

"हे परत येईल?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "थेंब नियमित घातले तर पुढं जाणार नाही, एवढं बघता येईल."

शरदचंद्रांनी तो कागद कारखान्यातला नकाशा पाहावा तसा पाहिला. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. अंबत्तूर गेल्यावर म्हणाले, "मी बारा वेळा उत्तर दिलं. एकदाही वाटलं नाही की मी काही सांगतो आहे."

"मलाही वाटलं नव्हतं," कीर्ती म्हणाली. "माझ्यासुद्धा अंगावर काटा आला होता."

"तुला कधी कळलं?"

"आकडे छापले तेव्हा."

कुमुदिनीबाईंनी पर्समधून नवी बाटली काढली, सील तोडलं, आणि हलत्या गाडीत त्यांची मान मागे टेकवून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. समोर बसलेली एक अनोळखी मुलगी पाहत होती. शरदचंद्र डोळे मिटून स्वस्थ बसले.

पुढच्या महिन्यात मराठी मंडळाच्या सभेत, कुणी सांगितलेलं नसताना, ते उभे राहिले. त्यांना भाषण करता येत नाही. त्यांनी डॉक्टरांचा कागद सर्वांना फिरवायला दिला आणि काळा डाग कुठं आहे ते बोटानं दाखवलं. दोघातिघांनी मान डोलावली. एकानं पल्लावरमला एक खरे सामी आहेत, असं हळूच शेजाऱ्याला सांगितलं. जगरहाटी एका रविवारात बदलत नाही. पण त्या सभेतून दोन माणसं घरी गेली आणि त्यांनी बंद केलेल्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. शरदचंद्रांनी त्या दोघांची नावं कीर्तीला फोनवर सांगितली, आणि नंतर म्हणाले की तो कागद घेऊन आपण आता एन्नोरच्या मंडळातही जाणार आहोत.

सामी शोधायला आपल्याला आवडीला जायचं कारण नाही, ते आपल्याही गावात आहेत. त्यांच्यापुढं बसावं लागलंच तर एवढं करावं. आपल्याबद्दलची एखादी गोष्ट कुणी अचूक सांगितली की थक्क होण्याआधी कागद-पेन घ्यावं, त्यांनी आपल्याला काय काय विचारलं आणि आपण काय काय सांगितलं ते ओळीनं लिहावं, आणि मग त्यांनी आपलं आपण होऊन काय सांगितलं ते शेजारी लिहावं. बहुतेक वेळा दुसरा रकाना कोरा राहतो. त्याची खात्री पटेपर्यंत, आणि पटल्यावरसुद्धा, डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र एक दिवसही चुकवू नये.